तळ

पहिली जागा हिडकलच्या पाण्याकाठची.
नेमू ओम्नीतून उतरलासुद्धा नाही,
काच खाली करून म्हणाला, "डास फोडून खातील की रे."
पंपाचं इंजिनही धकधकत होतं
कुणाच्या तरी उसासाठी.

दुसरी बाभळीखालची.
सावलीला मी भुललो.
समृद्धीनं चप्पल काढून दोन पावलं टाकली,
काटा तिचा तिनंच उपटला, रडली नाही,
फक्त माझ्याकडं असं बघितलं
जसं मापात चुकलेला ब्लाऊज घेऊन
दुकानाच्या पायरीवर एखादी बाई उभी राहते.

तिसरी बिरोबाच्या देवळामागं.
सपाट, झाडलेली, नळाला पाणी.
भिंतीवर गावाचं नाव दोन लिपींत
आणि एका लिपीवर डांबर.
"हितं नको," नेमू म्हणाला.
का, ते त्यानं सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.

शहापुरात माझं दुकान, पाच बाय सात.
तंबू मीच शिवलाय,
ट्रकवाल्या दस्तगीरची जुनी ताडपत्री, दुहेरी दोरा,
मशीनच्या तीन सुया मोडल्या.
कापड बघून मी सांगतो किती लागंल.
जमीन बघून काय सांगायचं असतं
हे कुणी शिकवलं नव्हतं.

हुक्केरी मागं पडलं, डांबर संपलं,
मग गाडीवाटही गवतात विरली.
माळ.
पाडवा होऊन आठवडा झालेला, गवत वाळून
उंटाच्या रंगाचं, आणि वारा त्यावरून
इस्त्री फिरवल्यासारखा जात होता, परत येत होता.
कुसळं मोज्यांत शिरली, पँटच्या दुमडीत शिरली.
चौथी जागा तिघांनाही एकदम पटली.
समृद्धी हातपाय पसरून आडवी झाली,
"पप्पा, हितनं सगळं आभाळ दिसतंय."
मी पहिली खुंटी ठोकली.

एक टिटवी केव्हाची ओरडत होती.
आम्हाला वाटलं, तिला सवयच असंल.

मेंढरांमागनं मल्लव्वा आली,
खांद्यावर घोंगडं, काखेत आज जन्मलेलं कोकरू.
आमच्याकडं नाही, खुंटीकडं बघून म्हणाली,
"इल्ली ब्याड री. तत्ती अदाव."
आणि काठीचं टोक टेकवलं, खुंटीपासून वीतभर.

चार अंडी.
ना काडी, ना पीस, उघड्या खड्यांत ठेवलेली,
खड्यांसारखीच, मातकट, काळे ठिपके.
मी रिळाच्या दोऱ्याशी कापड जुळवणारा माणूस,
एक छटा इकडची तिकडं झालेली मला खपत नाही,
मला ती दिसली नव्हती.

"एष्टु दूर?" मी विचारलं.
ती काही बोलली नाही, चालायला लागली.
आम्ही मागनं, ताडपत्री ओढत,
मेंढरं आमच्या मागनं, काही कारण नसताना.
टिटवी डोक्यावर गरगरत होती.
मग आवाज तुटक झाला, मग एकदाच, मग नाही.
तिथं मल्लव्वानं काठी रोवली.
बहात्तर पावलं. मी मोजली होती.
जाताना तिनं नेमूला बजावलं,
काल कळप बसला त्या अंगाला जाऊ नका, गोचीड धरतात.

जागा उतरती. माझ्या पाठीखाली
एक दगड, उकरून निघाला नाही, खोल गेलेला.
कडक भाकरी, शेंगाचटणी, थर्मासातला कोमट चहा.
रात्री तिघंही घसरत घसरत
तंबूच्या खालच्या कडेला गोळा झालो,
नेमूचं कोपर माझ्या बरगडीत.
समृद्धी म्हणाली, "आपण कुठल्या तालुक्यात आहोत?"
मला नक्की माहीत नव्हतं.
"झोप," म्हणालो.
बाहेर लांडगा असंल नसंल, कुत्री दोनदा भुंकली
आणि मल्लव्वा त्यांच्यावर कन्नडमधनं खेकसली
ते ऐकून बरं वाटलं.

सकाळी एका कोपऱ्याची शिवण उसवलेली.
लांबून बघितलं, टिटवी बसली होती,
आणि तिच्या शेजारी माझी खुंटी, सरळ,
जणू तिनंच मागून घेतलेली.
आणायला कोण जाणार?

दुकानाच्या वहीत लिहून ठेवलंय:
खुंट्या आठ. परत आल्या सात.